एकच हात उरलाय, तोही बांधलेला

*ताई, नमस्कार.*

*मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वय २९. गाव सोलापूरकडचं, सध्या पुण्यात हडपसरला खोली घेऊन राहते. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरी जाऊन पेशंट सांभाळते. गेले पाच महिने एकाच घरी रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी आहे. आजी ८३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून नाकातून नळी आहे, डायपर आहे. घरचे म्हणतात, आता डोकंही गेलंय.*

*दिवसा एक मावशी असतात. त्या आजींना सकाळपासून उशांना टेकवून टीव्हीसमोर बसवून ठेवतात. मी येते तेव्हा डायपर भिजून जड झालेला असतो. माकडहाडाच्या वर आधी लाली होती, मी सांगितलं. आता तिथे फोड आलाय. आजींच्या सुनेला, वहिनींना दाखवला तर म्हणाल्या, "रात्री तुम्ही झोपत तर नाही ना, सिस्टर?" खोलीत कॅमेरा आहे, तरी असं बोलल्या.*

*आजी नळी ओढतात म्हणून त्यांचा डावा हात ओढणीने कॉटला बांधायचा, असं मला सांगितलंय. मी गेल्यावर सोडते, तर कॅमेऱ्यात बघून आजींच्या मुलाचा, दादांचा फोन येतो, "हात बांधा." डॉक्टरांना यातलं काही बोलू नका, असंही सांगितलंय. ब्युरोवाले म्हणतात, "ॲडजस्ट करा, नाहीतर दुसरी सिस्टर पाठवतो." सकाळी निघताना आजी माझा दुपट्टा धरून ठेवतात. मी जिन्यात येऊन रडते. काम सोडू का? तक्रार करू का? आणि त्यांचा इतका लळा लागलाय, हे चुकीचं आहे का?*

*– एक सिस्टर*

अगं,

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तू सहज लिहून गेली आहेस, ती मी आधी घेते. आजींची उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हणजे तहान लागलीय, कूस बदला, खालून ओलं झालंय, दुखतंय, नको, हे सगळं सांगायला त्यांच्याकडे एक डावा हात तेवढा राहिलाय. आणि बांधलाय तोच.

घरच्यांना हे असं सांगितलं तर त्यांनाही कळेल असं मला वाटतं. त्यांच्या डोक्यात हात म्हणजे नळी ओढणारा हात, एवढंच बसलंय.

आणि "डोकं गेलंय" हे तू पण चटकन मान्य करू नकोस. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग जातं, आणि बहुतेकांचं बोलणं त्याच डाव्या बाजूला असतं म्हणून वाचाही जाते. बोलता न येणं वेगळं आणि समजत नसणं वेगळं. थोडं समजत असेल, बरंच समजत असेल, दिवसागणिक कमीजास्त होत असेल. पण सकाळचे आठ वाजले, आता ही निघाली, हे ज्या बाईला कळतं आणि जी तुझा दुपट्टा धरते, तिचं डोकं गेलंय असं मला तरी कुणी सांगू नये.

आता माझी एक चूक सांगते, कारण तू ज्या मनःस्थितीत आहेस त्यात मी तीच केली होती. वॉर्डातली नोकरी संपवून मी घरोघरी जायला लागले, त्या सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. टाचांना जखमा, अंगाला वास. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुनेला दिवाणखान्यात उभं करून, पाहुण्यांसमोर, वाट्टेल ते बोलले. एकूण एक शब्द खरा होता. रात्री फोन आला, उद्यापासून येऊ नका. माझ्या जागी कोण गेलं, त्या टाचांचं काय झालं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बरोबर होते, आणि आजोबांना त्याचा दमडीचा उपयोग झाला नाही.

वॉर्डात असं बोललं तर चालून जातं. तिथे मागे इन्चार्ज सिस्टर असतात, राउंडला डॉक्टर येतात, दुसऱ्या शिफ्टला तुझ्यासारखीच शिकलेली कुणीतरी येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, जवळजवळ ४२ वर्षं, आणि अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेचं तोंडभरून कौतुक केलं. आपल्या पेशात ते उदाहरण सगळ्या जणी छातीवर हात ठेवून देतात. पण त्यातली दुसरी बाजू कुणी सांगत नाही, की ते एकीचं काम नव्हतं. एक दमली की दुसरी होती, एक निवृत्त झाली की तिसरी आली. तू त्या खोलीत एकटी आहेस, म्हणून आधी जरा वॉर्ड उभा करायला लाग. भांडण नंतर करता येईल.

फोडाचं मात्र आजच. तुला माहीत असेल, तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणी नर्सिंग न शिकता आईला, सासूला सांभाळत असतील. एका जागी भार पडून होणाऱ्या जखमेची, बेडसोरची, बोटाने दाबून पांढरी न होणारी लाली ही पहिली पायरी, फोड म्हणजे दुसरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही पुष्कळदा, तेव्हा हात लावून बघायचं: जागा गरम लागते का, आजूबाजूपेक्षा घट्ट किंवा पिलपिलीत लागते का. फोड फोडायचा नाही. त्यावर पावडर, स्पिरिट, हळद काही लावायचं नाही. आणि चोळायचं नाही. लाल जागेवर तेल लावून चोळणं हा घराघरांतला जुना प्रकार आहे, त्याने आतला भाग आणखी दुखावतो. त्या जागेवरचा भार पूर्ण काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं. दर दोन तासांनी कूस. सरळ कडेवर न वळवता पाठीमागे उशी देऊन तिरकं ठेवायचं, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळं वजन येत नाही. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. ती बुडाखाली ठेवायची रबरी रिंग कुणी आणून दिली तर माळ्यावर टाक. आणि एअर बेड आणला की कूस बदलायची गरज नाही, हा दुकानदाराचा शोध आहे.

फोड का आला, ते तुझ्या पत्रातच आहे: मावशी दिवसभर उशांना टेकवून बसवतात. मावशींना वाटतं आपण चांगलंच करतोय, आजी टीव्ही बघतात, खोलीत सोबत होते. पण टेकवून बसवलेला माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. त्या ओढाताणीत माकडहाडावरची कातडी मरते. वर ओला डायपर. फीडच्या (नळीतून पातळ अन्न देण्याच्या) वेळी आणि त्यानंतर तासभर डोकं उंच ठेवावंच लागतं, नाहीतर फीड छातीत जाईल. पण तेव्हा आधी गुडघ्यांखाली उशी घालून पाय जरा वर घ्यायचे, म्हणजे घसरणं थांबतं. तास झाला की पाठ खाली घ्यायची.

मावशींना हे कुणी कधी सांगितलंय का? बारा तास एकटी बाई, पगार तुझ्याहून कमी, आणि आजींचं वजन एकटीने उचलायचं. मी असते तर मीही टेकवून टीव्ही लावला असता! म्हणून तुला एक युक्ती सांगते. रात्री आठला तू येतेस आणि त्या निघतात, सकाळी उलट. त्या वेळी पंधरा मिनिटं दोघी मिळून काम करा. चार हात आहेत तेवढ्यात आजींना आडव्या चादरीवर घेऊन चादरीनेच वर सरकवा (काखेत हात घालून ओढू नका, लुळ्या बाजूचा खांदा निखळतो), डायपर बदला, पाठ दोघींनी बघा. पाठ दोघींनी बघितली की "तुझ्या वेळी झालं, माझ्या वेळी झालं" हा प्रश्नच राहत नाही. थोडं लवकर जायला लागेल तुला, त्याचे पैसे कुणी देणार नाही. तरी आठवडाभर कर.

दुसरं, दोनशे पानी वही आण. मोबाइलमध्ये नको, वही, आणि ती आजींच्या उशाशी राहील, तुझ्या पिशवीत नाही. तारीख, वेळ, काय केलं, काय दिसलं. विशेषण एकही नको. "मावशींनी हलगर्जी केली" असं लिहिलंस की ती वही भांडणाची झाली. "रात्री ८.०५. डायपर पूर्ण भिजलेला. माकडहाडाच्या वर फोड, रुपयाच्या नाण्याएवढा, कातडी शाबूत. डाव्या कुशीवर घेतलं." बस. फोटो तुझ्या मोबाइलवर काढू नकोस. उघड्या शरीराचा फोटो आहे तो, आणि आजींना विचारायची सोय नाही. वहिनींना सांग, तुमच्या फोनमध्ये काढा, डॉक्टरांना पाठवायला लागेल. फोटो काढायला त्यांना वाकून, जवळ जाऊन बघावं लागेल. पाच महिन्यांत त्यांनी सासूची पाठ किती वेळा बघितलीय, देव जाणे.

वहिनींचं ते वाक्य तुला लागलंय, साहजिक आहे. पण ते एका घाबरलेल्या बाईचं वाक्य आहे. नोकरी, घर, सासूचं आजारपण, तुम्हा दोघींना द्यायचा पगार, आणि वर नातेवाइकांचे "आई कशा आहेत?" असे फोन. फोड बघून तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आता माझ्यावर येणार. म्हणून तिने ते तुझ्यावर ढकललं. तू उत्तर एवढंच दे: "वहिनी, मी कधी कूस बदलली ते वहीत लिहिलंय, कॅमेऱ्यात बघून ताडून घ्या." कॅमेऱ्याचा राग करू नकोस, तो तुझा साक्षीदार आहे. फक्त स्पंजिंगच्या आणि डायपरच्या वेळी तो भिंतीकडे वळवायचा, हे त्यांना आधी सांगून ठेव. आजींनी उभी हयात वर्गात पदर सावरून काढली असेल. मुलाला ऑफिसात बसून ते दृश्य दिसू नये.

आता नळी आणि हात. आठ महिने नाकात नळी ठेवून बघावी कुणीही. नाकपुडी आतून सुकते, चिकटपट्टीखाली खाजतं, घसा खवखवतो. हाताला ताकद असलेला माणूस ती ओढणारच. तू वहीत एवढं टिप, की *कधी* ओढतात. फीड संपल्या संपल्या? ओलं झाल्यावर? तीन दिवस पोट साफ झालं नसेल तेव्हा? आठवडाभराच्या नोंदी वाचल्यास की पुष्कळदा त्या हाताची भाषा कळायला लागते. आणि एखाद्या दिवशी अचानक फारच अस्वस्थ झाल्या, किंवा अगदी गुंगीत गेल्या, तर लघवीतला जंतुसंसर्ग डोक्यात ठेव. म्हातारपणी पुष्कळदा ताप न येता आधी बुद्धीच भरकटते.

चिकटपट्टी रोज बदल, जागा किंचित सरकवून. नाकपुडी ओल्या कापसाने पूस, ओठ आणि तोंड ओलं ठेव. नळी उजव्या गालावरून कानामागे ने आणि खांद्याला टेपने लाव, डाव्या हाताच्या टप्प्यात लोंबकळू देऊ नकोस. हातात काहीतरी दे, नॅपकिनची घडी, लोकरीचा गुंडा. अगदीच नाइलाज झाला तर डॉक्टरांना विचारून जाड सुती मोजा, तोही दर दोन तासांनी काढून हात धुऊन, बोटं मोकळी करून. बांधलेला हात सोडवायला माणूस रात्रभर झटापट करतो, आणि ती झटापट त्याच फोडावर घासते.

पण याहून मोठा प्रश्न मला पडलाय, आणि तो तुझ्या पत्रात कुणीच विचारलेला दिसत नाही: आजींना गिळता येतं का, हे गेल्या आठ महिन्यांत कुणी तपासलं? झटक्यानंतर गेलेलं गिळणं पुष्कळांचं काही आठवड्यांत, महिन्यांत थोडंफार परत येतं. ते स्पीच थेरपिस्ट तपासतात. परत आलं असेल तर नळी निघू शकते. आलं नसेल तर नाकातली नळी इतके महिने चालवायची की पोटातून दुसरी सोय करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं. (तू चमच्याने पाणी पाजून बघू नकोस, कितीही मोह झाला तरी. ठसका न लागताही पाणी छातीत उतरतं.) म्हणजे ज्या नळीपायी हात बांधलाय, ती नळी अजून हवीय का हेच कुणाला माहीत नाही!

म्हणून डॉक्टरांना न सांगणं हा पर्याय तुझ्यापुढे नाहीच. तू नर्सिंग कौन्सिलला नोंदणी झालेली नर्स आहेस, डॉक्टरांच्या सूचनेवर काम करतेस. त्यांच्यापासून जखम लपवलीस तर उद्या बोट तुझ्याकडे वळेल, आणि ते योग्यही असेल. पण डॉक्टरांना परस्पर फोन करून दादांना तोंडघशी पाडू नकोस. त्यांना सांग, "दादा, आईंना फोड आलाय, डॉक्टरांनी बघायला हवा. तुम्ही फोन करता की मी करू?" यात "करायचा की नाही" असा प्रश्नच नाही. आणि हात बांधायचाच म्हणाले तर म्हण, "तसं डॉक्टरांकडून लिहून घेऊ या." मी हे अनेक घरांत केलंय. लिहून द्यायची वेळ आली की डॉक्टर आधी येऊन पेशंट बघतात, आणि बघितला की दुसरा उपाय निघतोच.

ब्युरोला फोनवर सांगितलेलं हवेत जातं. मेसेज कर, दोन ओळींचा: अमुक तारखेला फोड दिसला, घरच्यांना सांगितलं, डॉक्टरांना दाखवायला सुचवलं. "ॲडजस्ट करा" हे शब्द लिहून पाठवायला त्यांनाही जड जातं.

इतकं करून दोन दिवसांत डॉक्टर बोलावले नाहीत, जखम उघडली, वास आला, ताप आला, किंवा कुणी आजींवर हात उगारताना दिसलं, तर मग गप्प बसू नकोस. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तू बाहेरची असलीस तरी फोन करू शकतेस. जिवावरचं असेल तर ११२. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. ज्यांना सांभाळायचं त्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणं हा त्यात गुन्हा आहे. पण तुझ्या पत्रातली माणसं मला तशी वाटत नाहीत. ती दोन-दोन माणसं पगारावर ठेवतात, कॅमेऱ्यात बघत बसतात. ती थकलीत, घाबरलीत, आणि त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही. हे मी पाच ओळींच्या भरवशावर म्हणतेय. तुला तिथे बसून वेगळं दिसत असेल तर तुझं खरं.

काम सोडायचं का? माझं उत्तर, एक महिना नाही. वही, मावशींबरोबरची ती पंधरा मिनिटं, डॉक्टर, एवढं होऊ दे. महिन्यानंतरही हात बांधलेलाच असेल आणि तुला ते बघवत नसेल, तर लेखी कळवून, आठ दिवसांची मुदत देऊन, पुढच्या सिस्टरला सगळी वही वाचून दाखवून सोड. तसं सोडणं म्हणजे आजींना टाकणं नव्हे. आणि मध्येच स्वतःची पाठ धरली, सलग रात्रींनी डोकं चालेना, तर आठवड्याची सुट्टी माग. न झोपलेल्या नर्सच्या हातून काय होतं, ते मी दुसऱ्या कधीतरी सांगेन. तेही माझ्याच हातून झालंय.

लळ्याचं म्हणशील तर लागू दे. "पेशंटमध्ये गुंतायचं नाही" असं आम्हालाही शिकवलं होतं, शिकवणाऱ्या मेट्रन स्वतः पेशंट गेला की लिननच्या खोलीत जाऊन डोळे पुसायच्या. एवढंच सांभाळ, की सुट्टीच्या दिवशी फोन करून "आजी जेवल्या का" विचारायची वेळ येऊ देऊ नकोस, आणि त्यांची मुलगी व्हायला जाऊ नकोस. त्यांना मुलगा-सून आहेत. त्यांना तिथे आणायचं, पाठ बघायला, हात धरायला. सकाळी निघताना पाच मिनिटं आधी सांग, "आजी, मी आठला जाते, रात्री आठला येते," आणि घड्याळाकडे बोट कर. दुपट्टा सोडवताना तो हात वहिनींच्या हातात दे.

आणि एक करून बघ. आजी शिक्षिका होत्या म्हणालीस. बोलणं गेलेल्या माणसाचंही पाठ असलेलं बोलणं कधी कधी मागे राहिलेलं असतं: गाणं, आरती, आकडे, रामरक्षा. आज रात्री कूस बदलून झाली की त्यांच्या समोर बस, डावा हात मोकळा असू दे, आणि सावकाश म्हण, "बे एके बे, बे दुणे..." मग थांब. चांगली थांब, दहा-पंधरा सेकंद. काही आलं, शब्द, ओठांची हालचाल, बोटांनी धरलेला ताल, तर वहीत लिही, वेळेसकट. आणि मला कळव.